हवेतलं लुगडं

विश्वनाथ हेडाऊ हॉर्न वाजवत नाही. नागपुरात हॉर्न न वाजवता रिक्षा हाकणं म्हणजे मोटर न लावता संत्र्याच्या बागेले पाणी देणं. होते, पण पाहणाऱ्याले खरं वाटत नाही. महाल भागातल्या गल्लीत मधोमध गाय बसून असली तं हा उतरते, तिच्या पाठीवर हात ठेवते, काहीतरी पुटपुटते, अन् गाय सासरी निघालेल्या पोरीसारखी हळूहळू उठते. मागून कोणी बोंबलते, "अबे काका, शादी लगा रहे क्या उसकी?" विश्वनाथ म्हणते, "लागून राहिली भाऊ, जेवूनच जाजा."

रिक्षा बॅटरीचा, पांढरा. चालते तेव्हा आवाज नाही, धूर नाही. उन्हाळ्यात दुपारच्याले रस्ता रिकामा असला तं असं वाटते का रिक्षा उभाच आहे अन् शहरच मागं सरकून राहिलं.

माणूस उंचीनं बेताचा, अंगानं कापसाच्या पऱ्हाटीच्या काडीसारखा, पण हात मोठे. त्या हाताले पाहून कोणीही विचारते, काय काम करत होते गा पहिले? उमरेडचा कोष्टी. आजा लुगडे विणे, बाप लुगडे विणे. ह्याच्या वाट्याले पंचे आले, अन् मंग तेही गेले. माग मोडला. त्याचं लाकूड दोन हिवाळे शेकोटीले पुरलं. भारतीले, म्हणजे बायकोले, घेऊन तो नागपुरात आला, महालात खोली केली, रिक्षा घेतला.

हात मात्र मोडले नाहीत. लाल दिव्यावर रिक्षा थांबला का त्याचा उजवा हात हँडलवरून सुटते अन् हवेत एक झटका मारते. मागावर दोरी ओढली का लाकडी होडीसारखा धोटा ताण्याच्या मधातून सूत घेऊन इकडून तिकडं पळते, तसा. एक झटका, मंग दुसरा. सवारीले वाटते माशी हाकलून राहिला.

त्याचा बाप तं झोपेतही विणे. दुपारी बाजेवर आडवा झाला का हात चालू. पोट्टे तोंडावर हात ठेवून हसत. माय दटावे, "चूप रे. पदर येऊन राहिला त्याचा. होऊ द्या, मंग उठवजा." त्या घरात विणणाऱ्याले कोणी मधात उठवत नव्हतं, जागा असो का झोपलेला. अर्ध्या पदरावरून माणूस उठला का ते लुगडं कुठीतरी फसते, असं ते लोकं मानत. हे जरा ध्यानात ठेवा. पुढं ह्याच्यावरच गाडी अडली.

आता हा रिक्षावाला शहराच्या कामाले कसा लागला ते सांगतो.

काही वर्षाआधी शहराच्या बजेटात एक कलम आलं. त्याचं नाव एवढं लांब का वाचणारा मधात पाणी मागन. मतलब इतकाच होता, का ज्याचं डोस्कं बिघडलं अन् ज्याले दारू सुटत नाही, तो एकच माणूस असू शकते, हे शहरानं कबूल केलं. त्याच्या आधी हे कबूल नव्हतं. दारू सोडवणारे म्हणत, हा तं पागल आहे, तिकडं न्या. तिकडचे म्हणत, हा पेलेला आहे, पहिले उतरवून आणा. पोलिस म्हणत, ह्यानं कोणाले मारलं का? नाही ना? मंग आम्ही काय करू? तिघंही आपापल्या जागी बरोबर, अन् माणूस रस्त्यावर.

तं पैसा आला तो मधातल्या रस्त्यासाठी. इमारत नाही बांधली, मशीन नाही आणली. एक फोन ठेवला. फोनवर शोभाताई बसवली. ती पहिले एका व्यसनमुक्तीच्या जागी नर्स होती, आवाज असा का समोरचा भांडत असला तरी उभ्याचा बसून जाते. प्रत्येक दवाखान्यात अन् ठाण्यात एक-एक माणूस ठरवला, का शोभाताईचा फोन आला का त्यानं उचलाचाच. अन् एक पांढरा रिक्षा. अँबुलन्स काहून नाही, असं बऱ्याच लोकाइनं विचारलं. अँबुलन्सही होती. पण भेदरलेला माणूस अँबुलन्समध्ये चौघांनी धरल्याशिवाय चढत नाही, अन् विश्वनाथच्या रिक्षात आपल्या पायानं बसते. पाहुण्याच्या गावाले निघाल्यासारखा.

विश्वनाथचं नाव शोभाताईनंच सुचवलं. त्याले कारण होतं रुपराव.

हा रुपराव गोळीबार चौकाजवळचा, जुना कोष्टी, विश्वनाथपेक्षा वयानं मोठा. त्याच्या हातचं रेशीमकाठी लुगडं नेसलेली बाई लग्नात जरा आखडूनच चाले. माग विकल्यावर त्याची दारू वाढली, अन् दारूसंगं डोस्कंही फिरलं. कधी महिनाभर तोंडातून शब्द नाही, कधी रडे, कधी भिंतीसंगं भांडे. कलम येण्याच्या आधीची गोष्ट: एक दिवस त्याची बायको गोदूबाई त्याले घेऊन रस्त्यावर उभी होती, अन् समोरून विश्वनाथ रिकामा येत होता. सकाळपासून तिघंही शहरभर फिरले. एका दारातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. शेवटच्या दारात शोभाताई होती; तिची जागा भरलेली होती, तिनंही नाहीच म्हटलं. पण तिनं पाह्यलं का रिक्षावाला गेला नाही. फाटकाजवळ उभा राहून रुपरावले संत्र्याच्या फाका सोलून देऊन राहिला होता. मंग रिक्षाची बॅटरी संपली. विश्वनाथनं रिक्षा ढकलत नेला, नवरा-बायको मागं बसलेले. घरी पोचल्यावर गोदूबाई इतकीच म्हणाली, "भाऊ, आमाले कोनी घेतलं नाही. मेलं जनावरही कोनी तं घेते."

ते वाक्य विश्वनाथच्या अंगाले गोखरूसारखं चिकटलं.

तं आता तो दिवस. हिवाळा होता, दुपारचं ऊन लुगड्याच्या काठासारखं पिवळं. शोभाताईचा फोन आला, "विश्वनाथजी, गोळीबार चौक. रुपरावजी. तुमी जवळ आहे, पुढं व्हा. मी सक्करदऱ्याले अडकली, निघतेच म्हना ना. गेल्याबरोबर मले सांगजा कसा आहे तो."

गोदूबाई दारातच उभी होती. तिनं रिक्षा पाह्यला अन् पहिले तोंड फिरवलं.

"काहून वं वैनी, ओळखलं नाही का?"

"ओळखलं. मांगच्या वेळी सारं नागपूर दाखवलं तुमी. आता काय रामटेक दाखवता?"

"ह्या वेळी तसं नाही होनार."

"शेजारच्या पोट्टीनं फोन लावला म्हनून लागला, बरं. मी नसता लावला." मंग आवाज खाली करून म्हणाली, "पन भाऊ, आता बरा आहे तो. उगंच आले तुमी. मी त्याले माह्या गळ्याची शपथ घातली. परवापासून थेंब नाही. थरथर कापे, काल भिंतीवरच्या मुंग्या मारून राहिला होता. भिंतीवर मुंगी एक नाही. आज पाहा कसा शांत बसला. काम करून राहिला."

विश्वनाथ आत गेला.

खोली लहान. कधीकाळी तिथं खड्ड्याचा माग होता. विणणाऱ्यानं खड्ड्यात पाय सोडून बसाचं अन् पायानं पावड्या दाबाच्या. माग गेल्यावर खड्डा भरला, वरून फरशी बसवली. रुपराव बरोबर त्याच जागी बसला होता. पाय फरशीवर, पण असे वाकवलेले जसे खाली खड्डा आहे. एक पाय दाबे, मंग दुसरा. उजवा हात झटका मारे, डावा हात सूत ठोकाची फणी पुढं ओढे. नजर समोर, ताण्यावर. खिडकीतून उन्हाची एक पट्टी येऊन त्याच्या मांडीवर पडली होती, अन् तिच्यात धूळ उडून राहिली होती, सुताची उडते तशी.

विश्वनाथ दारात चप्पल काढून उभा राहिला. त्याच्या कानात टक-टक वाजू लागलं. खोलीत आवाज कायचाच नव्हता.

"रुपरावजी."

"थांब जरा. काठ आहे."

विश्वनाथ थांबला. बाजूले भिंतीशी टेकून बसला. रुपरावच्या मानेवरून घाम वाहून राहिला होता, पण विणताना घाम येतेच, खड्ड्यात हवा नसते. हात कापत होते, पण बाप्पा, इतक्या वर्षानं बसलेल्याचे कापणारच. शोभाताईनं त्याले शिकवलं होतं, का दारू एकदम तोडलेल्या माणसाले साप दिसते, भूत दिसते, नसलेलं दिसते, तसं झालं का थांबाचं नाही. पण लुगडं म्हणजे काही साप नाही.

"रंग कोनता गा?" विश्वनाथनं विचारलं.

"डाळिंबी. दिसत नाही का बे?"

अन् खरं सांगतो, त्याले दिसाले लागलं. उन्हाच्या पट्टीपासून सुरू होऊन दारापर्यंत गेलेलं, ओल्या डाळिंबी रंगाचं, काठाले रेशमाची बारीक रेघ. गोदूबाई चुलीपाशी चहा ठेवून राहिली होती. तिनंही तिकडं पाह्यलं. तिचा हात कमरेजवळ गोल-गोल फिरू लागला, चरख्यावर सुताची कांडी भरताना फिरते तसा. तिले ते समजलंही नाही. रुपरावनं हात मागं केला, "कांडी दे वं," अन् तिनं दिली. काहीच नव्हतं, तरी तिनं दिलं अन् त्यानं घेतलं, अन् दोघांची बोटं जराशी लागली. केवढ्या दिवसानं लागली असतीन कोण जाणे.

असा किती वेळ गेला. चहा झाला, थंडा झाला. बाहेर पोपट ओरडले. लुगडं वाढत गेलं. विश्वनाथचे डोळे अर्धे मिटले होते अन् तो उमरेडच्या घरात होता, बाप बाजेवर, माय म्हणून राहिली, होऊ द्या, मंग उठवजा. अन् त्या घरात फोन वाजला.

"काय गा विश्वनाथजी? सांगजा म्हनलं होतं ना मी? कसा आहे?"

"चांगला आहे ताई. काम करून राहिला. पदर येऊन राहिला, म्हनून थांबलो."

"काम? कायचं काम?"

"लुगडं इनून राहिला."

मंग शोभाताईचा आवाज आला, हळू, एक-एक शब्द ठेवत. "विश्वनाथजी, माग कुठी आहे तिथं?"

विश्वनाथनं खाली पाह्यलं. फरशी होती. पांढरी, एका कोपऱ्याले तडकलेली. तिच्यावर रुपरावचा घाम टपकून ओला डाग पडला होता.

"त्याच्या कपाळाले हात लावा."

त्यानं लावला. तवा होता तो.

"ताई," विश्वनाथ म्हणाला, "भल्ला तापला आहे, घाम गळून राहिला. काल भिंतीवर मुंग्या दिसत म्हने."

"आयका. हे मुंग्याइवानीच आहे. नसलेलं दिसून राहिलं त्याले. ताप आहे, घाम आहे, हे भल्लं खराब आहे, माणूस ह्याच्यात जाते. अँबुलन्स लांब आहे, तुमचा रिक्षा दारात आहे. व्यसनमुक्तीले नाही, डोस्क्याच्या दवाखान्यातही नाही, सीधा मोठ्या दवाखान्यात. मी तिथं फोन लावते, मी पन तिकडंच येते. पन त्याले ओढू नका. झोंबाझोंबी झाली तं मिरगीसारखा झटका येईन. आपल्या पायानं आला पाहिजे."

फोन ठेवून विश्वनाथ उठला. गोदूबाईनं त्याचं तोंड पाह्यलं अन् सगळं समजली. हातातली ती नसलेली कांडी तिनं खाली टाकली.

"रुपरावजी, चाला. लुगडं झालं."

"झालं?" रुपरावनं मान वर केली नाही. "तुले काय समजते? तू तं पंचे इनत होता. पदर राहिला आहे."

"उतरल्यावर पाहू."

"अर्ध्या पदरावरून उठू?" आता त्याचा आवाज चढला, छाती भात्यासारखी हलू लागली. "कोनाच्या घरचा आहेस बे तू? कोष्ट्याच्या घरचा आहेस का?"

विश्वनाथच्या मायनंही त्याले हेच शिकवलं होतं. विश्वनाथ फरशीवर बसला, रुपरावच्या डाव्या अंगाले, जिथं काठाचा मदतनीस बसते.

"मंग एकट्यानं काहून करता? मी काठाकडून देतो. लवकर होईन."

रुपरावनं त्याच्याकडं तिरपं पाह्यलं. "सूत तोडजो नको."

"नाही तोडत."

अन् दोघांनी तो पदर काढला. विश्वनाथनं आयुष्यात एवढ्या घाईनं कधी विणलं नाही, अन् एवढ्या जपून पण नाही. घाई रुपरावले दिसू द्याची नव्हती. एकदा रुपराव म्हणाला, "चुकला," अन् विश्वनाथनं दोन धोटे मागं घेतले. हवेतले दोन धोटे मागं घेतले, अन् पुन्हा टाकले. शेवटी रुपरावनं फणी ठोकली, हात मांडीवर पुसले, म्हणाला, "कैची."

गोदूबाई उठली. खरी कैची पेटीत होती. तिनं पेटीकडं पाह्यलं, मंग नाही म्हणून दोन बोटं पुढं केली अन् लुगड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कातरत गेली. "कच, कच," तोंडानं आवाज करत. डोळ्यात पाणी-बिणी काही नव्हतं. काम होतं, ती करून राहिली होती.

"आता घडी," विश्वनाथ म्हणाला.

"हिथं?" रुपराव म्हणाला. "नऊवार आहे बे, खोली केवढी?"

"तेच म्हनून राहिलो. गल्लीत जा लागते."

लांब लुगड्याची घडी एकट्यानं होत नाही, अन् लहान खोलीत होत नाही. कोष्टीपुऱ्यातले लोकं पहिल्यापासून गल्लीतच घालत. एकानं एक टोक धराचं, दुसऱ्यानं दुसरं, अन् दूर व्हाचं. विश्वनाथनं दोन्ही हातात हवेचे दोन कोपरे धरले अन् पाठमोरा दाराबाहेर निघाला. रुपराव उठला. पाय लटपटले, गोदूबाईनं मागून कंबर धरली. पण लुगडं जमिनीले लागू नये म्हणून तो हात वर धरून, एक-एक पाऊल टाकत, विश्वनाथच्या मागं-मागं उंबऱ्याबाहेर आला.

गल्लीत ऊन होतं. लोकं होते. एक पोट्टी हसली. मंग ओट्यावर बसलेली एक म्हातारी उठली, काठी टेकत त्या दोघांच्या मधातून जाचं होतं तिले, अन् जाता-जाता तिनं मान खाली केली. लुगड्याखालून जाताना वाकतात तशी वाकली अन् पल्याड जाऊन सरळ झाली. ते पाहून पानठेल्यावरचे दोघं भिंतीले सरकले. मागून एक मोटारसायकल आली, पो-पो करत. म्हातारीनं काठी आडवी केली.

"आंधळा आहे का बे? लुगडं दिसत नाही?"

पोरगा थांबला. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, गाडी बंद केली.

विश्वनाथ अन् रुपराव एकमेकाकडं चालत आले, टोकाले टोक लावलं, पुन्हा दूर झाले, पुन्हा जवळ आले. प्रत्येक घडीले विश्वनाथ जरासा रिक्षाकडं सरके. शेवटच्या घडीले रुपरावची पाठ रिक्षाच्या सीटले लागली होती.

"शेठच्या पेढीवर नेऊन देऊ," विश्वनाथ म्हणाला. "बसा. मांडीवर घ्या, खाली नको."

रुपराव बसला.

मंग विश्वनाथनं हॉर्न वाजवला. गल्लीपासून सुरू केलं ते थांबलाच नाही. त्या रिक्षाचा हॉर्न म्हणजे कोंबडीच्या पिलाचा आवाज, पण त्यानं बोट उचललं नाही. गाया स्वतःहून उठल्या. सेंट्रल अव्हेन्यूवर ट्रकवाल्यानं खिडकीतून मान काढून पाह्यलं. मागं रुपराव म्हणाला, "हा धोटा भल्ला वाजते गा," अन् गोदूबाई म्हणाली, "वाजू द्या. तुमी घडी धरून ठेवा."

घडी धरून राहत नव्हती. त्याच्या हातातून सुटत होती, वाऱ्यानं उघडत होती. त्यानं ते सांगितलं, का काठ बाहेर गेला, का दुकानाच्या पाट्यावर अडकला, का आता साऱ्या इतवारी बाजारावर पसरला. शुक्रवारी नावाच्या तलावाजवळ आले तं म्हणाला, पदर पाण्यात पडला, ओला झाला, जड झाला. विश्वनाथनं आरशात पाह्यलं. रुपरावचे हात आता विणत नव्हते, नुसते ओढून राहिले होते, मोठं काहीतरी, तलावातून. ओठ निळे पडले होते. तलावावर ऊन चमकत होतं अन् एका क्षणापुरतं विश्वनाथलेही ते पाणी डाळिंबी दिसलं.

"ओढा रुपरावजी," तो म्हणाला. "सोडू नका. पोचून राहिलो."

गोदूबाईनं दुसरं टोक धरलं. नवऱ्यासंगं ती पण ओढू लागली.

मोठ्या दवाखान्याच्या फाटकावर पहारेकरी आडवा आला. त्यानं नाकानं हवा घेतली, माणूस पाह्यला, तोंड उघडलं. गोदूबाईले ते तोंड ओळखीचं होतं. तिनं तीन दारावर पाह्यलं होतं. तिनं सीटची दांडी आवळून धरली.

पण पहारेकऱ्याच्या मागून कोणी म्हणालं, "आमचा आहे तो. येऊ द्या."

इथला ठरवलेला माणूस, डॉक्टर संघपाल, होता. शोभाताईनं फोनवर सगळं सांगून ठेवलेलं. तो स्ट्रेचर घेऊन पायरीवरच उभा होता, बाजूले शोभाताई, स्कूटरचं हेल्मेट अजून डोक्यावरच. शहरानं जो काही पैसा दिला होता, तो सारा त्या दोन वाक्यासाठी होता. बाकी सगळं त्याच्या खालचं-वरचं.

रुपराव उतरेना. हात छातीशी धरलेले. "हे कोन?"

"पेढीवाले," विश्वनाथ म्हणाला.

डॉक्टरनं शोभाताईकडं पाह्यलं, तिनं मान हलवली. त्यानं दोन्ही हात पुढं केले.

"सांभाळून," रुपराव म्हणाला. "ओलं आहे."

संघपालनं घेतलं. पण आता हात भरलेले, नाडी कशी पाहाची? तं त्यानं ते वळून वॉर्डबॉयच्या हातावर ठेवलं. "हे ठेवा." बिचारा हात लांब करून तसाच उभा राहिला, स्ट्रेचर आत गेलं तरी उभा. शेवटी शोभाताईनं त्याच्या पाठीवर थाप मारली, "ठेवा ना भाऊ कुठी तरी, अन् चाला."

सांजच्याले रुपरावले झटका आलाच. पलंगावर आला, सुई लागलेली होती, माणसं जवळ होती. निभला. संघपाल बाहेर येऊन विश्वनाथले म्हणाला, "रस्त्यात आला असता तं अवघड होतं. बराच वेळ गेला होता घरी." तो वेळ कुठी गेला ते विश्वनाथले माहीत होतं. शोभाताई जाता-जाता म्हणाली, "पुढच्या वेळी हात चालताना दिसले का पहिले मले फोन. पदर मंग." तवापासून ती साऱ्याइले शिकवते, का माणूस पहिले काय काम करे ते विचारा, अन् तेच काम हवेत करून राहिला असन तं बसू नका. विश्वनाथ तिथं मागच्या खुर्चीवर बसून असते. मान खाली घालून आयकते.

रुपराव तिथून डोस्क्याच्या डॉक्टरकडं गेला, तिथून दारू सोडवणाऱ्याकडं. दर वेळी तोच पांढरा रिक्षा, अन् दर वेळी दारात कोणीतरी वाट पाहून असे. त्याले त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. विश्वनाथनं एकदा सांगून पाह्यलं.

"मी? डाळिंबी?" रुपराव म्हणाला. "फेकतो का बे? डाळिंबी सूत मले शेवटच्या सालात भेटतच नव्हतं."

बजेटाच्या बैठकीत कोणी विचारलं म्हणे, ह्या पैशातून बांधलं काय? दाखवा. दाखवासारखं काही नव्हतं. तरी कलम एक साल पुढं ढकललं. त्याच्या पुढचं त्याच्या पुढं.

रुपरावचंही तसंच चाललं. बरेच महिने निभले. मंग पुतण्याच्या लग्नात कोणी गिलास हातात देल्ला अन् दारू पुन्हा सुरू झाली. गोदूबाईनं ह्या वेळी शपथ घातली नाही. तिनं फोन त्याच्या बाजेवर ठेवला अन् पाणी भराले निघून गेली.

सकाळी विश्वनाथ रिक्षा पुसून राहिला होता. भारती आतून ओरडली, "अवो, फोन वाजून राहिला कवाचा." त्यानं उचलला.

"विश्वनाथ," तिकडून रुपराव. आवाज जड, पण शुद्धीतला. "बंद कराची म्हनतो आता."

"बरं."

"पन घरी नाही. घरी बंद केली तं... ते तुमी म्हनता ना, ते हात. हात चालू व्हायच्या आधी ये."

"निघालो. शोभाताईले सांगतो, दारात कोनी असन."

"अन् हॉर्न वाजवू नको बे. गल्ली झोपली आहे."

धुकं होतं. गल्ल्या पांढऱ्या सुतात गुंडाळल्यासारख्या. रुपराव दारातच बसून होता, आंघोळ केलेला, टोपी घातलेला. आपल्या पायानं चढला. गोदूबाईनं त्याच्या हातात दोन संत्री देल्ली अन् बाजूले बसली. रिक्षा निघाला, आवाज नाही, धूर नाही. चौक मागं सरकला, दुकानं मागं सरकली. रुपराव आपल्या हाताकडं पाहत होता. संत्री धरलेले, चुपचाप.

अग्रसेन चौकात लाल दिवा लागला. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं, तरी विश्वनाथ थांबला. त्याचा उजवा हात हँडलवरून सुटला अन् हवेत एक झटका मारला. मंग दुसरा.

रुपरावनं मागून पाह्यलं.

"रंग कोनता?"

"मोतिया," विश्वनाथ म्हणाला.

रुपरावनं पाय जरासे आखडून घेतले, काठावर पडू नये म्हणून, अन् दिवा हिरवा होण्याची वाट पाहत बसला.